रेग्युलर एक्स्प्रेशन

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात शोधावयाच्या शब्दरूपांचे वर्णन करणारा, चिन्हांनी लिहिलेला साचा होय. अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी मज्जातंतूंच्या जालाच्या गणिती प्रारूपाचा अभ्यास करताना ही संकल्पना मांडली. त्यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्यावर आधारित शोधपद्धती दिली. पुढे युनिक्स प्रणालीतील 'ग्रेप' या आज्ञेमुळे तिचा प्रसार झाला.

वऱ्हाडी बोलीतील उदाहरण

अमरावती-अकोला भागातील वऱ्हाडी बोलीत प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो: डोळा–डोया, केळी–केयी. बोलीतील मजकुरात केवळ 'डोळा' शोधणाऱ्या अभ्यासकाला 'डोया' सापडत नाही आणि तो शब्द तेथे नाहीच, असा त्याचा समज होतो. डो[ळय]ा हा साचा दोन्ही रूपे शोधतो. चौकटी कंसातील कोणतेही एक चिन्ह चालेल, असा त्याचा अर्थ. छापताना शेवटचा काना अधांतरी दिसतो. पण युनिकोडमध्ये काना-मात्रा ही स्वतंत्र चिन्हे असल्याने साचा बिनचूक आहे. डो[ळय][ाे] असे लिहिल्यास डोळे, डोये ही अनेकवचनेही मिळतात. साच्यातील अधिकचिन्ह 'एकदा किंवा अनेकदा' असे सांगते. '(बाप्पा )+' या साच्यात वऱ्हाडी माणसाचे आश्चर्य कितीही लांबले तरी मावते.

कार्यपद्धती

प्रत्येक साच्यापासून मोजक्याच अवस्था असलेले स्वयंचल यंत्र, म्हणजे ऑटोमॅटन, तयार करता येते. वरील पहिल्या साच्याचे यंत्र आरंभीच्या अवस्थेत 'ड' वाचून दुसऱ्या अवस्थेत जाते, 'ो' वाचून तिसऱ्या, 'ळ' किंवा 'य' वाचून चौथ्या आणि काना वाचून अंतिम, म्हणजे स्वीकार-अवस्थेत पोचते. अन्य चिन्ह आल्यास तो प्रयत्न फसतो. आपण कोणत्या अवस्थेत आहोत, याखेरीज यंत्राला काहीही आठवत नाही. टॉम्पसन यांच्या पद्धतीत सर्व शक्य अवस्था एकाच वेळी सांभाळल्या जातात. त्यामुळे मजकूर एकदाच वाचून भागते. आजच्या अनेक संगणकभाषा मात्र पर्याय फसल्यावर मागे येऊन दुसरा पर्याय पाहतात, आणि काही साच्यांवर त्या अतिशय मंदावतात.

मर्यादा

स्मृती मर्यादित असल्याने कितीही खोलवर एकात एक गुंतलेले कंस बरोबर मिटले आहेत का, हे असे यंत्र तपासू शकत नाही. अर्थाशीही त्याचा संबंध नसतो. का[ळय]ा या साच्याने 'काळा' व वऱ्हाडी 'काया' मिळतात, तशी संतसाहित्यातील 'काया', म्हणजे शरीर, हीसुद्धा मिळते. ती निवड वाचणाऱ्यालाच करावी लागते.