पाण्याचा जोर आणि आत उतरणारा माणूस

पाण्याच्या जोरानं गटार साफ करायची कल्पना तशी जुनीच. 19व्या शतकात पॅरिसमध्ये यूजेन बेलग्रां या इंजिनिअरनं बांधलेल्या गटारांत खास होड्या सोडत. होडीला लावलेली फळी प्रवाह अडवायची. मागे पाणी चढलं की फळीखालून ते उसळून सुटे आणि पुढचा गाळ ढकलत नेई.

घरच्या चार-सहा इंची पाइपात होडी कुठली? तिथे आता जेटिंग. पंपाचं पाणी 100-150 बार दाबानं नळीच्या टोकाशी येतं. गंमत अशी, की टोकाची बहुतेक भोकं मागे तोंड करून असतात. पाणी मागे सुटतं म्हणून टोक पुढे सरकतं, न्यूटनचा तिसरा नियम! नळी मागे ओढली की चरबी, केस, गाळ चेंबरात येतो.

म्हणजे माणूस उतरायची गरज संपली, असं आपण म्हणू. पण सेप्टिक टँकमधल्या हायड्रोजन सल्फाइडनं माणसं मरतातच. सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई 2014 मध्ये 10 लाख ठरवली, 2023 मध्ये 30 लाख. यंत्र असूनही! गल्लीत गाडी शिरत नाही, हे एक कारण. माणूस स्वस्त पडतो, हे दुसरं. आणि तो कुठल्या जातीचा, हे आपल्याला ठाऊक आहे. वर्गात आम्ही कांट शिकवत आलो, माणसाला नुसतं साधन मानू नये म्हणून. असो.

2013चा कायदा फक्त नगरपालिकेसाठी नाही. सुरक्षेची साधनं न देता टाकीत माणूस उतरवणारी कुणीही व्यक्ती, अगदी सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा, त्यात येते. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.