इच्छाच होत नाही, हा आजार आहे का? अलैंगिकतेकडे पाहण्याच्या आपल्या नजरेचा इतिहास

"डॉक्टर, मुलगा लग्नाला तयारच होत नाही. काही कमी आहे का, तपासून बघा." "सूनबाई नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, काही टॉनिक द्या." अशा तक्रारी दवाखान्यात नव्या नाहीत. त्या सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई, सासू किंवा मोठा भाऊ असते. ज्याच्याबद्दल हे बोलणे चालते, तो किंवा ती शेजारी खाली मान घालून बसलेली असते.

यातल्या काही जणांना खरोखर आजार असतो आणि तो बरा करता येतो. काही जणांना मात्र कोणताच आजार नसतो. त्यांना कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटत नाही. पुरुषाविषयी नाही, स्त्रीविषयीही नाही, आणि ते कधीच वाटलेले नसते. याला अलैंगिकता म्हणतात. 'अलैंगिक' हा शब्द आपल्याला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून माहीत आहे, अमिबा आणि यीस्टच्या अलैंगिक प्रजननाच्या धड्यातून. माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा आहे. अशा व्यक्तीचे अवयव, हार्मोन्स, पाळी, वीर्य हे सगळे नेहमीसारखे असू शकते. प्रेम, माया, सोबतीची ओढ हेही असू शकते. फक्त शरीरसंबंधाचे आकर्षण नसते किंवा अगदी क्वचित जाणवते.

अशा माणसांकडे आपला समाज आणि आमचे वैद्यकशास्त्र कसे पाहत आले, हे समजून घेतले तर आजचा गोंधळ बराच कमी होतो.

ब्रह्मचाऱ्याला मान, पण गडावर

सुरुवात आपल्याच भागापासून करू. बीड तालुक्यातले नारायणगड हे संत नगद नारायण महाराजांचे स्थान. वारकरी मंडळी त्याला धाकटी पंढरी म्हणतात. बीड आणि आसपासच्या अशा गडांवर गुरूची गादी शिष्याकडे जाते. घरदार, बायको-मुले नसलेल्या महंताच्या पाया पडायला हजारो संसारी माणसे रांगेत उभी राहतात. त्याने लग्न का केले नाही, असे त्याला कोणी विचारत नाही.

जिल्ह्यातच अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. तिचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी आख्यायिका लोक सांगतात. शेजारच्या जालना जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे गाव. बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकून ते निघून गेले, ही गोष्ट मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. गावोगावच्या पारावर ब्रह्मचारी मारुती आहेच. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने तर स्त्रियांनाही संन्यासाचा मार्ग मोकळा केला होता.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. ब्रह्मचर्य हे व्रत आहे. इच्छा असते, पण ती आवरायची, असे माणूस ठरवतो. अलैंगिकता कोणी ठरवून घेत नाही, तिथे आवरायला काही नसतेच. त्यामुळे जुन्या काळातल्या कोणा संताला किंवा देवतेला आजचे हे नाव चिकटवणे बरोबर नाही. त्यांच्या मनात काय होते, ते आपण सांगू शकत नाही. एवढे मात्र म्हणता येते की लग्नाशिवाय जगण्याची एक मानाची जागा आपल्या समाजात होती. ज्यांना संसाराची ओढच नव्हती अशा काही जणांना त्या जागेचा आसरा मिळाला असणे शक्य आहे.

पण ती जागा गडावर, मठात होती. गावात, घरात नव्हती. गावातल्या साध्या माणसासाठी नियम वेगळा होता. मुलगा मुंज झाल्यावर लग्नाआधीच वारला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत आठवा. लग्न न होता मरणे म्हणजे काहीतरी अपुरे राहिले, ही भीती तिच्यामागे आहे. जिवंतपणी लग्न लांबले तर मुलीला 'घोडनवरी' म्हणायचे आणि मुलाबद्दल 'षंढ आहे का' अशी कुजबुज करायची.

मधली वाट धरणाऱ्याचे काय होते, ते ज्ञानेश्वरांच्या आई-वडिलांच्या कथेत दिसते. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी संसार सोडून काशीला संन्यास घेतला. पत्नी रुक्मिणी मागे राहिली. गुरूंना हे कळल्यावर त्यांनी विठ्ठलपंतांना घरी परत पाठवले. संन्यासी पुन्हा संसारी झाला म्हणून समाजाने सगळ्या कुटुंबाला वाळीत टाकले. ही कथा अलैंगिकतेची नाही. पण संसार किंवा संन्यास या दोनच चौकटी असल्या की माणसांची किती परवड होते, हे ती दाखवते. घरी वाट पाहत राहिलेल्या रुक्मिणीचाही विचार करावा. आजही इच्छा नसलेल्याचे घाईने लग्न लावले की दोन माणसे अडकतात.

'इच्छा नाही' आणि 'जमत नाही' यांची गल्लत

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक वाजीकरण आहे. चरकसंहितेत क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत. बीज दूषित होणे, इंद्रियात दोष असणे, म्हातारपण आणि शुक्राचा क्षय ही त्यांची कारणे. त्या काळाच्या मानाने हा विचार बारकाईने केलेला आहे. पण त्याचा भर संतती आणि संबंधाची क्षमता यांवर आहे. क्षमता असूनही ओढ नसलेला माणूस या चौकटीत नीट बसत नाही. लोकभाषेत तर नपुंसक, षंढ, वांझ हे शब्द सरसकट वापरले गेले. म्हणूनच आजही 'इच्छा नाही' म्हटले की घरचे लोक 'ताकदीचे' औषध शोधतात. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या तथाकथित वैद्यांचा धंदा याच गल्लतीवर चालतो.

र. धों. कर्वे आणि इच्छेचा हक्क

विसाव्या शतकात महाराष्ट्रात या विषयावर सगळ्यात मोकळेपणाने कोणी लिहिले असेल तर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते मासिकातून सरळ उत्तरे देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

कर्व्यांचा झगडा 'कामवासना म्हणजे पाप' या समजुतीशी होता. ब्रह्मचर्याने तेज वाढते, वीर्य गेले की आयुष्य घटते, असल्या कल्पना त्यांनी खोडून काढल्या. स्त्रीलाही इच्छा असते आणि तिलाही सुखाचा हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात ठामपणे मांडले. हे काम फार मोलाचे होते.

पुढे लैंगिक आरोग्यावर मराठीत पुस्तके आली, वर्तमानपत्रांत सदरे आली. त्यातून लोकांची लाज कमी झाली. मात्र एक नवी समजूतही हळूहळू रुजली. इच्छा प्रत्येकालाच असते, आणि नसेल तर ती दाबलेली आहे, भीती आहे किंवा बिघाड आहे, अशी. पूर्वी इच्छा असणाऱ्याला अपराधी वाटत होते. आता इच्छा नसणाऱ्याला वाटू लागले.

वैद्यकशास्त्राला उशिरा सुचलेले शहाणपण

पाश्चात्त्य वैद्यकातही असेच घडले. १८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात लैंगिक भावना नसलेल्या लोकांची नोंद केली, पण विकृतींच्या यादीत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या आल्फ्रेड किन्सी यांनी माणसांच्या लैंगिक कलाची शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली. काही लोक तिच्यावर कुठेच बसेनात, तेव्हा त्यांच्यासाठी 'एक्स' नावाचा वेगळा गट केला. पुढे बरीच वर्षे या 'एक्स'कडे फारसे कोणी पाहिले नाही.

१९८० मध्ये दोन गोष्टी घडल्या. मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की भिन्नलिंगी, समलिंगी आणि उभयलिंगी आकर्षणाप्रमाणे आकर्षण नसणे हाही एक कल मानावा. त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, लैंगिक इच्छा कमी असणे हा विकार म्हणून आला. एकाच वर्षी एकाने त्याला माणसाचा स्वभाव म्हटले आणि दुसऱ्याने आजार.

२००४ मध्ये कॅनडाच्या अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या १८,००० हून अधिक लोकांच्या पाहणीची माहिती तपासली. त्यात साधारण १ टक्का लोकांनी सांगितले होते की आपल्याला कधीच कोणाविषयी लैंगिक आकर्षण वाटलेले नाही. म्हणजे शंभरात एक. हा आकडा ब्रिटनचा आहे, तो जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. पण ही माणसे अगदी क्वचित आढळणारी नाहीत, एवढे त्यातून कळते. २०११ मध्ये लोरी ब्रोटो आणि मोराग यूल यांनी अलैंगिक स्त्रियांच्या शरीराचा प्रतिसाद प्रयोगशाळेत मोजला. तो इतर स्त्रियांसारखाच निघाला. शरीराची यंत्रणा ठीक होती, ओढ नव्हती.

अखेर २०१३ मध्ये डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले गेले की जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक समजते, तिच्यावर कमी इच्छेच्या विकाराचा शिक्का मारू नये. त्या व्यक्तीला स्वतःला या गोष्टीचा त्रास होत असेल, तरच विकाराचा विचार करायचा. सासूला, शेजाऱ्यांना किंवा भावकीला होणारा त्रास यात मोजत नाहीत.

कायदा कुठे आहे?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचे सांगितले आणि लैंगिक कल हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग मानला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लैंगिक कल 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

लग्नाचा कायदा मात्र जुन्याच भाषेत बोलतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे संबंध आला नसेल तर विवाह रद्द करून घेता येतो. शारीरिक असमर्थता किंवा योग्य कारण नसताना जोडीदाराने दीर्घकाळ संबंध नाकारणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये समर घोष खटल्यात म्हटले आहे. अलैंगिकता हे 'योग्य कारण' आहे की नाही, याचे उत्तर कायद्यात लिहिलेले नाही. दुसरीकडे, अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात आजही बलात्कार मानली जात नाही. म्हणजे इच्छा नसलेल्या बायकोचा 'नको' हा शब्द सगळ्यात दुबळा आहे.

बीडमध्ये तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापांची चिंता त्यामागे असते. पण पंधरा-सोळाव्या वर्षी बोहल्यावर उभ्या केलेल्या मुलीला आपली ओढ कोणाकडे आहे, की कोणाकडेच नाही, हे कळायला वेळ कधी मिळणार?

तुम्ही काय करावे?

पहिली गोष्ट, इच्छा आधी होती आणि आता कमी झाली असेल तर तपासणी जरूर करा. थायरॉइड, मधुमेह, ॲनिमिया, प्रोलॅक्टिन किंवा टेस्टोस्टेरॉनमधला बिघाड, नैराश्य, दारू, बाळंतपणानंतरचा थकवा, संबंधाच्या वेळचे दुखणे, मानसिक आजारावरची किंवा रक्तदाबाची काही औषधे ही त्याची कारणे असू शकतात. यांवर उपचार आहेत. चालू औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पूर्वी कोणी लैंगिक अत्याचार केला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते गुप्त ठेवले जाते.

दुसरी गोष्ट, आकर्षण पहिल्यापासूनच कधी वाटले नसेल, तब्येत चांगली असेल आणि तुम्हाला त्याचे दुःख नसेल, तर तुम्हाला औषधाची गरज नाही. ताकदीच्या गोळ्या, भस्मे, इंजेक्शने घेऊ नका. त्यांनी ओढ निर्माण होत नाही, खिसा रिकामा होतो आणि कधीकधी किडनी-लिव्हरला इजा होते.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. 'लग्न झाले की सगळे ठीक होईल' हा उपचार नाही. त्यात तुमच्या मुलाबरोबर दुसऱ्याच्या मुलीचेही आयुष्य पणाला लागते. मूल 'मला नको' म्हणत असेल तर आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या.

चौथी गोष्ट, काही अलैंगिक माणसांना जोडीदार हवा असतो, घर हवे असते, मूलही हवे असते. त्यांनी लग्न करू नये असे अजिबात नाही. पण ठरवतानाच समोरच्या व्यक्तीला खरे सांगावे. आधीच लग्न झाले असेल तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावे. ज्या जोडीदाराला इच्छा आहे, त्याची किंवा तिची घुसमटही खरी असते, तिलाही बोलायला जागा हवी.

ज्याला संसाराची ओढ नाही अशा माणसाला आपण गडावर शतकानुशतके मान देत आलो आहोत. तसाच माणूस भगवी वस्त्रे न घालता आपल्या घरात, आपल्या गल्लीत राहत असेल, तर त्याला निदान सुखाने जगू देणे आपल्याला जमायला हवे.