दोन प्रकारची खतं

ऑफिसात 'कर्जत' म्हटलं की लोकांना लोकल आठवते. मी म्हणतोय ते दुसरं कर्जत, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. सिद्धटेकचा गणपती, राशीनची देवी आणि रेहेकुरीची काळविटं या तालुक्यातली. पावसाबद्दल न बोललेलंच बरं.

सध्या आमच्या मित्रमंडळींत सेंद्रिय खाण्याची लाट आहे. मी त्याच बाजूचा. पण 'पूर्वी सगळं नैसर्गिक होतं, शेतकरी सुखी होता' हे वाक्य ऐकलं की राहवत नाही. दीडशे वर्षांपूर्वी या तालुक्यात पिकणारा दाणा न् दाणा सेंद्रिय होता. युरियाचं पोतं कुणी पाहिलंच नव्हतं! हस्ताच्या पावसावर शाळू पेरायचा, मध्ये करडई-हरभऱ्याच्या ओळी टाकायच्या, कडबा बैलांना, शेण परत रानाला, धान्य पेवात. सुतार-लोहाराचं बलुतं खळ्यावरच निघायचं. यापेक्षा 'लोकल' आणखी काय असणार?

आणि हेच शेतकरी १८७५ साली सावकारांच्या दारात जाऊन उभे राहिले.

सुरुवात १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, बाजाराच्या गर्दीत झाली. तिथून लोण नगर जिल्ह्यात आलं: पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि आपलं कर्जत. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. दंगे खरे, पण लोक जीव घ्यायला निघाले नव्हते. त्यांना कागद हवे होते, कर्जाची खतं. ती हातात पडली की जाळायची. मराठीत 'खत' दोन प्रकारचं, बघा. एक रानात पडतं, दुसरं सावकाराच्या पेटीत. आपल्या गप्पा फक्त पहिल्याभोवती फिरतात.

पेटी एवढी भरली कशी? ब्रिटिशांच्या रयतवारीत सारा रोख भरायचा, आणि पीक बुडालं म्हणून सहजासहजी सूट नाही. त्यात १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागाल तेवढं कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि उधारीही आटली. कर्ज मात्र तिथंच. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या युद्धाचं बिल शाळूवर जगणाऱ्या माणसाच्या नावावर फाटलं. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ. १८७९ साली सरकारने पुणे, नगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांसाठी कायदा केला. कोर्टाला खताच्या मागचा मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. उशिराच, पण आला.

असो. हे सगळं सांगायचं कारण आजचं आहे. रासायनिक शेती सोडून प्रमाणपत्र मिळवायचं तर हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षं लागतात. त्या काळात उतारा घटू शकतो, आणि माल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. हा तोटा कोण सोसतो? घरच्या माणसांच्या जिवावर चार-पाच एकर करणारं कुटुंब. आपण तिसऱ्या वर्षी चकचकीत पाकीट उचलतो आणि वर 'महाग आहे यार' म्हणतो. मग कुकडीचं पाणी पोचलं तिथं लोक उसाकडे वळले, यात नवल काय? ऊस न्यायला निदान कारखाना ठरलेला असतो. मालदांडी ज्वारीला कुणी असं बांधील आहे का?

माझ्या मते आपण शहरातल्या पगारदारांनी करायची गोष्ट साधी आहे: पैसे आधी द्यायचे. चार-पाच घरांनी मिळून एक शेतकरी कुटुंब धरायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणीच्या वेळी वर्षभराच्या ज्वारीची निम्मी रक्कम द्यायची, उरलेली फेब्रुवारी-मार्चमध्ये रास झाल्यावर. भाव आधीच ठरवायचा. पाऊस गेला आणि पोती कमी आली तर दिलेली उचल परत मागायची नाही, व्याज तर नाहीच. सोबत करडई मिळाली तर घाण्यावरून तेल काढून घ्यावं. आणि भाकरी थापता येत नसेल, तर ते मात्र शिकावं लागेल. यूट्यूब आहेच :)