व्यायाम-खेळ (व्हिडिओ गेम)

व्यायाम-खेळ म्हणजे खेळाडूच्या शारीरिक हालचालींनी नियंत्रित होणारे व घरच्या घरी व्यायाम घडविणारे व्हिडिओ गेम होत. निन्टेन्डोच्या वी (२००६) या संचात हातातील नियंत्रकामधील त्वरणमापक हालचाल टिपतो, तर मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टमध्ये (२०१०) कॅमेरा व अवरक्त संवेदक संपूर्ण शरीराचा मागोवा घेतात.

२००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या किशोरवयीनांच्या अभ्यासानुसार, वीवर टेनिस वा मुष्टियुद्ध खेळताना बैठ्या गेमपेक्षा अधिक ऊर्जा खर्च होते. परंतु ती प्रत्यक्ष खेळाइतकी नसते व मुलांच्या दैनंदिन व्यायामाची गरज भागवीत नाही. काही खेळ केवळ मनगट हलवूनही खेळता येतात. त्यामुळे खेळाडू किती अंग हलवितो, यावर व्यायामाचा लाभ अवलंबून असतो.