छातीतली टिकटिक

१९५८ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ६० वर्षांचा एक निवृत्त इंजिनियर एका तरुण सर्जनला भेटायला गेला. लोवेल एडवर्ड्स त्याचं नाव. विमानांच्या इंधनपंपांवर त्यानं बक्कळ पैसा कमावला होता आणि आता त्याला कृत्रिम हृदय बनवायचं होतं. ३२ वर्षांचा अल्बर्ट स्टार म्हणाला, आधी एक झडप तर करून बघू!

दोन वर्षांनी झडप तयार झाली. दिसायला अगदी साधी, पिंजऱ्यात एक चेंडू. रक्त पुढे निघालं की चेंडू सरकून वाट देतो, मागे फिरू लागलं की भोकावर घट्ट बसतो. पहिली तरुण रुग्ण काही तासांतच दगावली. सप्टेंबर १९६० मध्ये ५२ वर्षांच्या दुसऱ्या रुग्णाला तीच झडप बसवली. तो पुढे दहा वर्षं जगला आणि गेला तोही शिडीवरून पडून.

पण परक्या वस्तूवर रक्त गोठतं. ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी आली, तीही जन्मभर. हे औषध १९४८ पासून उंदीर मारायला वापरलं जात होतं. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. त्यामुळे सतत रक्ततपासणी.

फ्रान्समध्ये अलँ कार्पांतिए यांनी दुसरी वाट शोधली. डुकराची झडप त्यांनी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवली. कातडं कमावायलाही हेच रसायन वापरतात. या झडपेला बहुतेकांना जन्मभर वॉरफरिन लागत नाही, पण ती साधारण १०-१५ वर्षांत झिजते आणि तरुण शरीरात त्याहून लवकर. म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

आपल्याकडे हा पेच जास्त टोचतो. घसादुखीतून उद्भवणारा ऱ्हुमॅटिक ताप इथे अजूनही लहान वयातच झडपा खराब करतो. पंचविशीतल्या मुलीनं काय निवडावं? धातूची झडप टिकेल, पण वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकतं. प्राण्याची झडप घेतली तर बाळंतपण त्या मानानं सोपं, पण पुढे कधीतरी छाती पुन्हा उघडावी लागणार.

शिवाय पैशांचं काय? परदेशी झडप परवडत नव्हती, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूनं स्वस्त देशी झडप बनवायला घेतली. आधीचे नमुने एकामागून एक फसले. अखेर डिसेंबर १९९० मध्ये 'चित्रा' झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली.

२००२ मध्ये फ्रान्सच्याच अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप नेऊन बसवली. पण तीही प्राण्याच्या ऊतीचीच, त्यामुळे झिजण्याचा प्रश्न तिलाही चुकलेला नाही.

छाती उघडून ऑपरेशन झालं की करवतीनं कापलेलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही आणि खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. धातूची झडप असेल तर रात्रीच्या शांततेत स्वतःच्याच छातीतून टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला झोप उडते, मग हळूहळू सवय होते.

साठहून अधिक वर्षांत झडपा कितीतरी सुधारल्या, तरी फुकटची एकही निघाली नाही. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'सगळ्यात चांगली कोणती?' एवढंच विचारून भागत नाही. 'माझ्या वयाला, माझ्या घराला आणि पुढच्या वीस वर्षांना कोणतं ओझं पेलेल?' हेही विचारावं लागतं.