स्तेफानुस : एका नावाची मराठी वाङ्मयेतिहासातील रूपे

ग्रीक ‘स्तेफानोस’ म्हणजे मुकुट. लॅटिनने त्याला ‘स्तेफानुस’ हे पुल्लिंगी नामरूप दिले आणि आद्य ख्रिस्ती हुतात्म्याचे नाव म्हणून ते युरोपभर रूढ झाले. मराठी बोलींत ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ होते, त्याच न्यायाने पोर्तुगीजमध्ये आद्य जोडाक्षरापूर्वी स्वर येऊन ‘एस्तेव्हांव’ झाले. फ्रेंचमध्ये सकारही गळून ‘एतिएन’ उरले. इंग्रजीत ‘स्टीफन’ झाले. ही तीनही रूपे मराठी वाङ्मयेतिहासात भेटतात. त्यांतील कोणते रूप स्वीकारायचे, हा प्रश्न मात्र केवळ उच्चाराचा नाही.

‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता (मृत्यू 1619) मराठी अभ्यासकांना थॉमस स्टीफन्स म्हणून परिचित आहे. तो जन्माने इंग्रज होता. हे नाव त्याला आडनाव म्हणून लाभले होते. 1579 मध्ये तो गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचे पुराण रायतूर येथे छापले गेले. त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये, तेथेच प्रसिद्ध झालेल्या कोकणी व्याकरणावर कर्त्याचे नाव ‘तोमाझ एस्तेव्हांव’ असे आहे. संत पीटरवरील मराठी पुराणाचा फ्रेंच कर्ता एतिएन द ला क्र्वा (1579–1643) याचीही हीच कथा. 1629 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथावर ‘एस्तेव्हांव दा क्रुझ’ असे नाव आहे. इंग्रजी व फ्रेंच रूपे स्वीकारली की मराठीवर लोभ जडलेले दोन एकाकी परदेशी विद्वान दिसतात. पोर्तुगीज रूपे समोर ठेवली की दोघांमागची एकच व्यवस्था दिसू लागते : येशूसंघ, साष्टीतील धर्मांतरित श्रोतृवर्ग, रोमी लिपीतील छपाई आणि पुराणाला पर्याय म्हणून योजलेले ओवीबद्ध पुराण. दोन्ही ग्रंथांच्या तुलनेला आधार मिळतो तो येथे. राष्ट्रनिहाय नामकरण हा आधारच झाकून टाकते.

सुमारे सव्वादोन शतकांनंतर हेच नाव इंग्रजी रूपात विदर्भात आले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (1817–1863) याने नागपुरात शिक्षणकार्य केले. भूगर्भशास्त्र, पुरातत्त्व व आदिवासींच्या भाषा हेही त्याच्या अभ्यासाचे विषय होते. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे, म्हणजे आजच्या बुटीबोरीकडे, परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्याचा अंत झाला. नागपूरने पुढे त्याचे आडनावच जपले. हिस्लॉप महाविद्यालय म्हणताना त्यामागचा ‘स्टीफन’ कोणाला आठवत नाही.

तथापि वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे विस्मरण वेगळे आहे. हिस्लॉपच्या कागदपत्रांतून रिचर्ड टेम्पल याने 1866 मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात लिंगोचे दीर्घ गोंडी गीत आहे. हे गीत परधानांच्या मौखिक परंपरेतले. ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर मात्र संग्राहक आणि संपादक यांचीच नावे आहेत. गोव्यातील दोन्ही पुराणे कर्त्याच्या नावाने ओळखली जातात. गोंडी गीत संग्राहकाच्या नावाने ओळखले जाते. पहिल्या प्रकारात कोणते नाव, हा प्रश्न आहे. दुसऱ्यात कोणाचे नाव, हा. मुद्रित शीर्षकपृष्ठाला कर्तृत्वाचा अंतिम पुरावा मानणाऱ्या इतिहासलेखनाला पहिल्याचे उत्तर सापडू शकते, दुसरा त्याच्या कक्षेतच येत नाही. म्हणून ‘स्तेफानुस’च्या रूपांचा मागोवा घेताना, ज्यांचे नाव कोणत्याच रूपात नोंदले गेले नाही त्या गायकांची दखल घेणे, हे मौखिक वाङ्मयाच्या इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते.