गाठ गेली, पोरगी वाचली... मग पुढे?

आजचा इतिहास राजा-महाराजांचा नाही. लहान लेकरांच्या पोटातल्या एका गाठीचा आहे, आणि त्यातून वाचलेल्या पोरींचा.

किडनीचा एक कॅन्सर प्रामुख्याने लहान मुलांनाच होतो, बहुतेकदा पाच वर्षांच्या आत. अनेकदा आंघोळ घालताना आईच्याच हाताला पोटातली गाठ लागते. 1899 मध्ये माक्स विल्म्स या जर्मन सर्जनने त्यावर सविस्तर लिहिलं, म्हणून नाव पडलं विल्म्स ट्यूमर. त्या काळी वाचणारं मूल विरळाच. पुढे ऑपरेशन सुधारलं, जोडीला रेडिएशन आलं. 1950 च्या दशकात बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध वापरलं. 1969 मध्ये अमेरिकेतली हॉस्पिटलं या एकाच आजारावर मिळून अभ्यास करायला लागली. आज चांगले उपचार वेळेत मिळाले, तर दहापैकी साधारण नऊ मुलं वाचतात.

आणि वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या. लग्नं झाली, दिवस गेले. तेव्हा एक गोष्ट उघड झाली.

1987 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने, लहानपणी पोटावर रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांची 114 गर्भारपणं तपासली. त्यातल्या 34 वेळा बाळ दगावलं किंवा कमी वजनाचं जन्मलं. म्हणजे 30 टक्के. रेडिएशन न घेतलेल्या स्त्रिया आणि या आजारातून वाचलेल्या पुरुषांच्या बायका, यांच्यात हेच प्रमाण 3 टक्के होतं.

असं का? तीन वर्षांच्या पोरीचं गर्भाशय अजून वाढायचं असतं. रेडिएशनने त्याचे स्नायू आणि रक्तवाहिन्या नीट वाढत नाहीत. मग पुढे बाळाला जागा आणि रक्त कमी पडतं, बाळंतपण वेळेआधी होतं. सगळ्या पोटावर रेडिएशन दिलं असेल, तर अंडाशयंही निकामी होऊ शकतात. पाळी येतच नाही, किंवा लवकर थांबते.

म्हणून डॉक्टरांनी प्रश्नच बदलला. ज्युलिओ डँजिओ हे या आजाराच्या अभ्यासातले मोठे डॉक्टर 1975 मध्येच बजावत होते की नुसतं बरं करून भागत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेक गाठींना औषधांच्या जोडीने रेडिएशन लागत नाही, हे सिद्ध झालं. जिथे लागतं तिथे डोस 20 ग्रेवरून जवळपास निम्म्यावर आला.

आपल्याकडे काय? मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 चं. तिथे 1991 मध्ये, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू झालं. नाव 'आफ्टर कम्प्लीशन थेरपी', सगळे म्हणतात ॲक्ट क्लिनिक. उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षं तपासणी.

आता जवाहरनगरचा विचार करा. ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत, भंडारा जिल्हा. इथून मुंबई म्हणजे रात्रभराची ट्रेन. इथली मुलगी गरोदर राहिली, तर आधी भंडाऱ्याला किंवा नागपूरला दाखवणार. समोरच्या डॉक्टरला तिच्या लहानपणाबद्दल काय माहीत असणार? पोटावरचा व्रण दिसेल, पण रेडिएशन दिसत नाही. आणि घरात अनेकदा काय होतं, तर लग्न जुळायला अडचण नको म्हणून जुनी फाईल माळ्यावर जाते. मुलीलाही 'लहानपणी छोटं ऑपरेशन झालं होतं' एवढंच सांगतात.

म्हणून ती फाईल खाली काढा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कुठली किडनी काढली, कोणती औषधं दिली, रेडिएशन दिलं का, कुठे आणि किती. एकच किडनी असेल तर गर्भारपणात बीपी आणि लघवीची तपासणी चुकवू नका. डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर आधी हृदय तपासून घ्या.

आणि घाबरू नका. ज्यांना पोटावर रेडिएशन मिळालं नाही, त्यांच्यापैकी बहुतेकींचं बाळंतपण इतरांसारखंच होतं. रेडिएशन मिळालेल्याही कित्येकजणी आई झाल्या आहेत. फक्त त्यांच्या डॉक्टरला आधीपासून सगळं माहीत असायला हवं.

ओळखीत कुणी असेल तर हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या भागात!